पावणेतीन वर्षांच्या मुलाचे ऑटिझम मूल्यमापन : एका बालविकास केंद्राचा सविस्तर अनुभव

आमचे घर गुहागर तालुक्यात, खाडीकाठच्या गावात आहे. ऑटिझम म्हणजे इतरांशी संवाद साधण्याची आणि मिसळण्याची रीत वेगळी असणारी, मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था. मुलाच्या ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी गेल्या नोव्हेंबरात आम्ही ज्या बालविकास केंद्रात गेलो, ते एक धर्मादाय न्यास चालवतो. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरले की पुढे सव्वा तासाची वाट आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्यातून माझ्या मुलाची ओळख उघड व्हावी अशी माझी इच्छा नाही. चांगले मूल्यमापन कसे असते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर आमचे आठ महिने वाया गेले नसते. म्हणून नावाशिवाय का होईना, पण तपशिलाने लिहिते आहे.

ते आठ महिने असे गेले. मुलगा वीस महिन्यांचा असताना हाक मारली तर मान वळवत नव्हता, बोट दाखवत नव्हता आणि पूर्वी म्हणत असलेले दोन शब्दही म्हणेनासा झाला होता. स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फोडला की ओटीवरून धावत येई, त्यामुळे ऐकू येते यात घरात कोणाला शंका नव्हती. त्या वेळी आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी दहा मिनिटांत त्याला तपासले, मुलगे उशिराच बोलतात असे सांगितले आणि टॉनिक लिहून दिले. सासूबाईंनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले, याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते अशी आठवण काढली आणि आम्ही थांबलो. आलेले शब्द गेले तर थांबायचे नसते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही.

पुढे जूनमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आले. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच कोकणातल्या पालघरातून सुरू झाला आणि त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा येते. पथकातील डॉक्टरांनी मुलाचे वजन-उंची घेऊन त्याला सोडले नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसून तीन वेळा नावाने हाक मारली आणि मग मला बाजूला घेऊन संदर्भ चिठ्ठी दिली. या सेवेचे पैसे पडत नाहीत आणि पुढची तपासणी व उपचारही शासकीय व्यवस्थेत विनामूल्य होतात, हे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. आम्ही न्यासाचे केंद्र निवडले ते श्रवणचाचणी, मानसशास्त्रज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट असे सारे तिथे एका छताखाली होते म्हणून. प्रवासाचा विचार आम्हाला करावाच लागतो.

केंद्रातली पहिली मोठी उणीव म्हणजे प्रतीक्षा. जुलैत नाव नोंदवले आणि नोव्हेंबरची तारीख मिळाली. नोंदणीच्या वेळी त्यांनी फोनवरच एम-चॅट-आर ही ऑटिझमचा धोका पाहणारी वीस प्रश्नांची चाळणी करून घेतली. ती सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असते आणि तिची उत्तरे हो किंवा नाही अशी द्यायची असतात. तीन ते सात गुण म्हणजे मध्यम धोका आणि आठ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त धोका. आमचे अकरा आले. या चाळणीवरून निदान होत नाही, पुढची तपासणी लांबवू नये एवढेच ती सांगते, असे फोनवरच्या बाईंनी दोनदा बजावले. परंतु अकरा गुण ऐकवून आईला चार महिने नुसते थांबायला लावणे योग्य नाही. त्या काळात घरी काय करावे याचे एक पानभर मार्गदर्शन त्यांना सहज पाठवता आले असते. मी स्वतः चौकशी केल्यावर तारखेच्या तीन आठवडे आधी ते मिळाले. निदानाचा कागद हाती येण्याआधीही मुलाशी खेळण्याची, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसून बोलण्याची रीत बदलता येते, असे त्यातच लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट श्रवणचाचणीची. ऑटिझमचे मूल्यमापन करण्याआधी मूल नीट ऐकते याची खात्री करून घ्यावी लागते, आणि बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकला म्हणजे बोलण्यातले सगळे स्वर ऐकू येतात असे नसते. आवाजाला कान आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणाऱ्या बेरा चाचणीत कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात आणि मूल गाढ झोपलेले असावे लागते. त्यासाठी त्याला पहाटे चारला उठवून आणण्याची सूचना होती. आम्ही तसे केले. फेरीबोटीची लोखंडी फळी साखळ्यांच्या आवाजात धक्क्यावर आपटली तेव्हा त्याने दोन्ही कान दाबून धरले, आणि बोट सुटल्यावर इंजिनाच्या घरघरीत तो माझ्या खांद्यावर झोपून गेला. केंद्रात पोहोचलो तेव्हा त्याची झोप पूर्ण झाली होती. चाचणी होऊ शकली नाही. तंत्रज्ञ चिडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या भेटीची वेळ दुपारच्या झोपेची दिली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. लांबून येणाऱ्यांनी ही चाचणी दुपारचीच मागून घ्यावी.

मूल्यमापन दोन भेटींत मिळून जवळजवळ पाच तास चालले, आणि या केंद्राची खरी किंमत या पाच तासांत आहे. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मूल कसे खेळते, कसे मागते, कोणाकडे पाहते हे जाणत्या माणसाने पुरेसा वेळ पाहावे लागते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिली वीस मिनिटे मुलाला काहीच करायला सांगितले नाही. खोलीत चटई, थोडी खेळणी आणि साबणाच्या फुग्यांची घट्ट झाकणाची बाटली होती. त्यांनी दोन फुगे उडवले, झाकण लावले आणि बाटली त्याच्यासमोर ठेवली. मुलाने माझा हात मनगटाजवळ धरला, ओढत नेला आणि झाकणावर ठेवला. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही. घरी तो पाणी याच रीतीने मागतो आणि त्याला सांगता येते याचे मला कौतुक होते. बाईंनी ते कौतुक मोडले नाही. त्याला काय हवे ते तो नक्की जाणतो आणि मार्गही शोधतो, ही त्याची ताकद आहे, असे त्यांनी आधी सांगितले. मग, मागताना तो हाताचा उपयोग करतो पण हात ज्याचा आहे त्या माणसाकडे पाहत नाही, हे आपल्याला लिहून ठेवायचे आहे, असे म्हणाल्या. माझ्या मुलाविषयी इतके अचूक वाक्य त्याआधी मी कोणाकडून ऐकले नव्हते.

त्यांनी आयएनडीटी-एएसडी हे दोन ते नऊ वर्षे वयाच्या भारतीय मुलांसाठी तयार केलेले ऑटिझमच्या निदानाचे साधन वापरले. काही प्रश्न माझ्यासाठी होते, काही त्यांच्या निरीक्षणासाठी. बाहुलीच्या वाढदिवसाचा खेळ त्यांनी आपणहून बदलला. आमच्या घरी केक कापत नाहीत हे विचारून घेतले आणि बाहुलीला भात भरवण्याचा खेळ मांडला. स्पीच थेरपिस्टनेही घरात कोणती बोली चालते, पाण्याला, जेवणाला, झोपेला आम्ही कोणते शब्द वापरतो हे लिहून घेतल्यावरच चित्रे पुढे केली. पुस्तकी मराठीतला शब्द न कळणे हा मुलाचा दोष धरला जाऊ नये याची ही काळजी होती. मुलाचे वडील मुंबईला नोकरीला असतात. त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून केंद्राने व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी अर्धा तास स्वतंत्र बोलून घेतले. गावी येतात तेव्हा त्यांना जे दिसते ते मला रोजच्या सवयीने दिसेनासे झाले होते, आणि त्याचा निदानाला उपयोग झाला.

निष्कर्ष सांगायला डॉक्टरांनी सासू-सासऱ्यांनाही आत बोलावले. ऑटिझम आहे, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगितले आणि हे आईच्या संगोपनामुळे होत नाही, हे दुसऱ्या वाक्यात. सासूबाईंनी गोवर-रुबेलाच्या लसीविषयी विचारले. त्यांचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेला नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेख लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले. नात्यातल्या एकाने पाठवलेली स्टेम सेल उपचारांची जाहिरात मी दाखवली. ऑटिझमवर त्या उपचारांना शास्त्रीय आधार नाही, त्यासाठी दागिने मोडू नका, असे त्यांनी थेट बजावले. ऑटिझमला मराठीत म्हणतात तो ‘स्वमग्नता’ हा शब्द मात्र त्यांनी टाळला. मलाही तो पटत नाही. घरात कोण कुठे बसले आहे, कोणाची चप्पल जागेवरून हलली आहे, हे माझ्या मुलाला सर्वांच्या आधी कळते.

शुल्क दोन्ही भेटींचे मिळून साडेपाच हजार रुपये झाले आणि ते आधीच लेखी सांगितले होते. गाडीचे आणि बोटीचे पैसे त्याहून वेगळे. प्रतीक्षाकक्ष अगदी अपुरा आहे. शेजारच्या दवाखान्यातले रुग्ण तिथेच बसतात, दूरदर्शन संच मोठ्याने चालू असतो, आणि ज्या मुलांना आवाज सोसत नाही त्यांनाच तिथे पाऊण तास बसवले जाते. पहिल्या दिवशी आम्ही शेवटी बाहेर फणसाच्या झाडाखाली बसलो. तो संच बंद करायला एक पैसाही लागणार नाही.

त्याहून मोठी तक्रार अहवालाची आहे. अकरा पानांचा अहवाल तीन आठवड्यांनी मिळाला, काम अतिशय सखोल आहे, परंतु तो संपूर्ण इंग्रजीत आहे. ज्या घराशी पाच तास त्याच्या बोलीत बोलले, त्या घराच्या हाती शेवटी न वाचता येणारा कागद ठेवला. मला थोडेफार समजते; मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या सासूबाईंना त्यातले एक अक्षरही कळत नाही. किमान घरी करावयाच्या गोष्टींची दोन पाने तरी मराठीत हवीत.

या अहवालाने दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, हेही पालकांनी आधीच समजून घ्यावे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ऑटिझमचा स्वतंत्र समावेश आहे, परंतु प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टल या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करून शासनाने ठरवलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जावे लागते. त्यासाठी इसा हे ऑटिझमचे भारतीय मापन वापरतात. त्यात चाळीस बाबी असतात, प्रत्येकीला एक ते पाच गुण असतात आणि एकूण सत्तर किंवा त्याहून अधिक गुण आल्यास ऑटिझम धरतात. ते तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असल्याने आमचा अर्ज आता फेब्रुवारीनंतर जाईल. केंद्राने हे सारे आपणहून समजावले आणि जुनी कागदपत्रे कोणती जपावीत तेही लिहून दिले.

जाणाऱ्यांनी मुलाचे घरातले दोन-तीन लहान व्हिडिओ अवश्य न्यावेत. जेवताना, एकटा खेळताना आणि कोणी पाहुणे आल्यावर तो कसा वागतो, हे केंद्रातल्या खोलीत दिसत नाही. माझ्या मोबाइलमधला, पडवीत सुपाऱ्यांची रांग लावतानाचा व्हिडिओ बाईंनी तीन वेळा पाहिला.

पाचपैकी चार गुण मी मनापासून देते. गेलेला एक गुण प्रतीक्षेचा आणि अहवालाच्या भाषेचा आहे. स्पीच थेरपिस्ट दर पंधरवड्याला व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना शिकवतात. फुग्यांची तशीच एक बाटली आम्ही आणली आहे आणि मुलाने हात ओढला की सासूबाई झाकण लगेच न उघडता ती आपल्या गालाशी धरतात व त्याची नजर वर येईपर्यंत थांबतात. दिवसातून दोन-चार वेळा ती येते. पुढचा आढावा मे महिन्यात आहे; मराठी पानांसाठी लेखी अर्ज मी त्याआधीच पाठवला आहे.