बिलाची लिंक ॲपमध्ये उघडत नाही: आमच्या सोसायटीच्या ॲपचा दीड वर्षाचा अनुभव

नेरूळ पूर्वेला आमची सिडकोच्या काळातली सोसायटी आहे. तीन विंग, ७२ घरं. बँकेत ३१ वर्षं काउंटरवर काढली म्हणून निवृत्त झाल्यावर खजिनदारपद माझ्याकडे आलं. दीड वर्षापूर्वी मेंटेनन्सची बिलं, पावत्या आणि गेटवरची पाहुण्यांची नोंद यासाठी आम्ही एक ॲप घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगते. पैसे भरले की पावती लगेच येते, मागची थकबाकी एका नजरेत दिसते, आणि ऑडिटरला लागणारी यादी दहा मिनिटांत निघते. पूर्वी त्यासाठी माझे दोन रविवार जायचे. पाहुण्यांची नोंदही वॉचमनला जमते.

तक्रार एकच आहे, पण ती मला फार लागली आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला सगळ्यांना बिलाचा एसएमएस येतो, ईमेलही येतो, दोन्हींत लिंक असते. फोनमध्ये ॲप आहे, लॉगिन केलेलं आहे, तरी लिंक दाबली की क्रोम उघडतं, कंपनीची वेबसाइट येते आणि मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका असं सुरू होतं.

बी विंगमधल्या आजी फोन घेऊन खाली कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "अगं, मेसेजमधल्या लिंकवर ओटीपी टाकायचा नाही असा कागद लिफ्टमध्ये तूच लावलास ना? मग हे काय मागतायत?" तो कागद मीच लावला होता, खाली फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर मोठ्या अक्षरात लिहून. आजींनी माझं ऐकलं होतं, म्हणून त्यांचं बिल दोन महिने थकलं होतं. मी त्यांचं व्याज माफ करायला समितीला सांगितलं आणि त्याच दिवशी कंपनीला फोन लावला.

तिकडून उत्तर आलं, "ॲप काढून पुन्हा टाका." एका रविवारी कार्यालयात बसून मी ११ जणांचे फोन तसे करून दिले. एकाही फोनवर फरक पडला नाही.

मग माझ्या भाच्याला बोलावलं. तो ऐरोलीच्या आयटी पार्कात ॲप बनवण्याचंच काम करतो. त्यानं समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात एकदम बँक आली. ॲप फोनमध्ये टाकलं की ते सांगतं, अमुक पत्त्याच्या लिंक माझ्या. फोन त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तो त्या वेबसाइटवर जाऊन एक ठरावीक फाइल शोधतो. 'ॲसेटलिंक्स' तिचं नाव. तिच्यात ॲपचं नाव आणि त्याच्या डिजिटल सहीचा ठसा असतो. दोन्ही जुळले तरच लिंक ॲपकडे जाते. म्हणजे स्पेसिमेन सही! चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळली नाही तर समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी मी चेक पास करत नसे. ही पद्धत अँड्रॉइडमध्ये २०१५ साली सहाव्या आवृत्तीपासून आली, आयफोनमध्ये त्याच वर्षी आयओएस ९ पासून. आणि ती हवीच. नाहीतर उद्या कुठलंही खोटं ॲप तुमच्या बँकेच्या लिंकवर हक्क सांगेल.

एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. पूर्वी अशी खात्री पटली नाही तर फोन निदान विचारायचा, कशात उघडू? २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तो विचारत नाही, थेट ब्राउझर उघडतो. आमच्या अध्यक्षांच्या जुन्या फोनवर अँड्रॉइड ११ आहे. ईमेलमधली बिलाची लिंक त्यांना ॲपमध्ये उघडता यायची आणि नवे फोन घेतलेल्यांना नाही, याचा उलगडा तेव्हा झाला.

आमच्या ॲपमध्ये दोन दोष निघाले. पहिला, ईमेलमधल्या पत्त्याच्या सुरुवातीला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नाही, आणि कंपनीनं ती फाइल फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वाल्या पत्त्यावर ठेवलेली. माणूस गेला तर साइट त्याला एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप पाठवते, आपल्याला कळतही नाही. पण ही फाइल तपासताना असं दुसरीकडे पाठवलेलं चालत नाही, तिथेच तपासणी नापास होते. दुसरा दोष एसएमएसचा. त्यातली लिंक कंपनीच्या पत्त्याची नाहीच. ती लिंक छोटी करणाऱ्या वेगळ्या सेवेची आहे, किती जणांनी उघडली हे मोजायला लावलेली. फोनला दिसतो तो परका पत्ता, त्यावर आमच्या ॲपनं हक्कच सांगितलेला नाही. मधलं पान मग आपल्याला पुढे ढकलतं. अशा वेळी ब्राउझर कधी कधी ॲपकडे सोपवतो म्हणे, पण आमच्याकडे ते एकदाही झालं नाही.

कंपनीची वाट बघायची नसेल तर घरी एवढं करून बघा. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो'मध्ये जा, तिथे 'ओपन बाय डिफॉल्ट' किंवा 'सेट ॲज डिफॉल्ट' सापडेल. 'ओपन सपोर्टेड लिंक्स' चालू करा आणि 'ॲड लिंक' दिसत असेल तर त्यातल्या पत्त्यांवर खूण करा. हे फक्त प्ले स्टोअरवरून घेतलेल्या, खात्रीच्या ॲपसाठीच करा, कारण इथे फोनची तपासणी बाजूला ठेवून तुम्ही स्वतः हमी देत असता. आमच्याकडे यानं ईमेलमधली लिंक सुधारली. एसएमएसची नाही, तो पत्ता त्या यादीतच नव्हता.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं आहे. सफारीत पत्ता टाइप केला तर ॲप उघडत नाही, वेबसाइटच येते. लिंक दाबून धरली तर ॲपमध्ये उघडायचा पर्याय बहुतेक वेळा मिळतो. आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या आतून लिंक उघडली तर ती त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये अडकते, फोन कुठलाही असो.

भाच्यानं हे सगळं स्क्रीनशॉटसह लिहून दिलं, मी ते कंपनीला पाठवलं. तीन आठवड्यांनी फाइल योग्य जागी आली. त्यानंतर ॲप काढून पुन्हा टाकलं तेव्हा ईमेलमधली लिंक आपोआप ॲपमध्ये उघडायला लागली. ज्या मुलीनं तिकडे हे काम पुढे रेटलं तिचे मी मनापासून आभार मानले. एसएमएसबद्दल मात्र अजून "बघतो" एवढंच उत्तर आहे. कंपनीला माझं सांगणं एवढंच: मोजणी सोडायची नसेल तर छोटी लिंक स्वतःच्या पत्त्यावर बनवा, तिथेही ती फाइल ठेवा आणि तो पत्ता ॲपमध्ये नोंदवा. नाहीतर सरळ पूर्ण पत्ता लिहा. एसएमएस थोडा लांबेल, पण आमच्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही जे करू नका म्हणतो तेच करायला लावू नका.

मी ५ पैकी ३ तारे देते. हिशेबासाठी चार दिले असते. ज्या दिवशी आजींच्या फोनवर एसएमएसमधलं बिल ओटीपी न मागता उघडेल, त्या दिवशी चौथा देईन. तोवर लिफ्टमधला कागद तिथेच राहील, आणि ज्यांना लिंक दाबायची नाही त्यांचे चेक मी सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते साडेसात कार्यालयात घेते.