चित्रासाठी कोणता प्राचीन मगरवंशीय निवडावा?

प्राचीन मगरवंशीय प्राण्याचे पुनर्रचनाचित्र, म्हणजे जीवाश्मांवरून तो जिवंतपणी कसा दिसत असेल हे दाखवणारे चित्र, काढायला घेणारा चित्रकार सहसा आकार पाहून निवड करतो, आणि त्यामुळेच पुस्तके, माहितीपट व संगणकावरील खेळ यांत सार्कोसुकस आणि डायनोसुकस हेच दोघे पुन्हा पुन्हा भेटतात. आकारापेक्षा अधिक उपयोगी कसोटी अशी, की त्या प्राण्याचा किती सांगाडा हाती लागला आहे आणि उरलेली जागा भरताना आजच्या मगरीकडून किती उसने घ्यावे लागते. या कसोटीवर हे दोन महाकाय प्राणीसुद्धा सारखे उतरत नाहीत.

सार्कोसुकसचे नामकरण नायजरमधील तेनेरे वाळवंटातल्या अवशेषांवरून १९६६ साली झाले. जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो यांच्या पथकाने पुढे तेथून आणखी कवट्या आणि सांगाड्याचे भाग मिळवले व २००१ मध्ये त्याची लांबी ११ ते १२ मीटर असावी असा अंदाज मांडला. नंतरच्या अभ्यासांत ती साडेनऊ मीटरांच्या आसपास उतरली, तरी लोकप्रिय चित्रांत जुना आकडाच टिकून आहे. चित्रकाराच्या दृष्टीने लांबीहून महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत. लांब, चिंचोळ्या मुस्कटाच्या टोकाला मोठा फुगवटा होता, आणि तो सापडलेल्या सर्वच कवट्यांवर दिसत असल्याने केवळ नराची खूण म्हणून रंगवता येत नाही. दुसरे म्हणजे पाठीवरची हाडांची कवचे मानेपासून शेपटीच्या मध्यापर्यंत सलग, एकमेकांवर चढलेली होती, तर आजच्या मगरींत मानेवरचा पट्टा पाठीपासून वेगळा असतो. बाजारातल्या बहुतेक चित्रांत हा तपशील हरवतो आणि उरते ती नाईल नदीतली मगर, फक्त फुगवलेली. प्रसंगाची निवडही तपासून घ्यावी लागते. डायनासोरला जबड्यात धरून स्वतःभोवती गरगर फिरणारा सार्कोसुकस हे अगदी रुळलेले दृश्य आहे, पण कवटीच्या ताकदीचा हिशेब करणाऱ्या २०१४ मधील एका अभ्यासानुसार त्याला ही गिरकी बहुधा झेपली नसती.

त्याच अभ्यासात डायनोसुकसला मात्र ती झेपेल असे दिसले, म्हणून हे नाट्य रंगवायचेच असेल तर उत्तर अमेरिकेतील हा रुंद मुस्कटाचा प्राणी अधिक योग्य ठरतो. डायनासोरांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर सापडलेल्या दातांच्या खुणांचा आधारही त्याच्या बाजूने आहे. अडचण त्याच्या चित्र-परंपरेत आहे. १९०९ साली मोंटाना राज्यातील थोड्या अवशेषांवरून त्याला नाव मिळाले. १९४० मध्ये टेक्सासच्या बिग बेंड भागात कवटीचे तुकडे सापडल्यावर न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने क्यूबाच्या मगरीचा नमुना धरून प्लास्टरची भव्य कवटी घडवली, आणि कित्येक दशके चित्रकारांनी तिचीच नक्कल केली. पंधरा मीटरांचा डायनोसुकस त्या काळातला. आजचे अंदाज बरेच खाली आले आहेत, म्हणून जुन्या पुस्तकातील चित्र संदर्भाला ठेवणाऱ्याने ते बाजूला सारून अलीकडचे कवटीचे वर्णन पाहावे.

पाण्याबाहेर पडायचे असेल तर ट्रायासिक काळातील (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा) पोस्टोसुकस हा सर्वांत परिचित पर्याय आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ शंकर चटर्जी यांनी १९८५ मध्ये टेक्सासमधील जीवाश्मांवरून त्याचे वर्णन केले. बीबीसीच्या १९९९ सालच्या गाजलेल्या मालिकेने त्याला चार पायांवर चालवले आणि ती प्रतिमा लोकांच्या मनात बसली, परंतु पुढचे पाय बरेच आखूड असल्याने तो दोन पायांवर चालत असावा असे मत २०१३ मध्ये पुढे आले. तसे चित्र काढल्यास बघणारा त्याला डायनासोरच समजेल. चित्राखाली एका ओळीची टीप जोडण्याची तयारी असेल तरच हा विषय घ्यावा.

समुद्री मगरवंशीयांबाबत माझा कल उघडपणे अनुकूल आहे. मेट्रिओऱ्हिंकिड गटाच्या अंगावर हाडांची कवचे नव्हती, पाय वल्ह्यांसारखे होते आणि शेपटीचा कणा टोकाशी खाली वाकून माशासारख्या शेपटीच्या पराला आधार देत असे, त्यामुळे आजच्या मगरीची नक्कल करण्याचा मोहच उरत नाही. यांपैकी डाकोसॉरस आंडिनिएन्सिस या अर्जेंटिनातील जातीला २००५ मध्ये आखूड, उंच कवटीमुळे बरीच प्रसिद्धी मिळाली, पण तिचे धड नातलगांवरून बेतावे लागते. पूर्ण देह हवा असेल तर जर्मनीतील चुनखडीत सांगाडे मिळालेला क्रिकोसॉरस घ्यावा.

काप्रोसुकसबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २००९ मध्ये वर्णन झालेली, रानडुकरासारखे सुळे असलेली अर्ध्या मीटरची कवटी एवढाच त्याचा पुरावा असून खेळांमधली त्याची लांब पायांची झेप पूर्णतः कल्पनेतली आहे. केवळ डोक्याचे चित्र काढायचे असेल तर तो उत्तम.

मादागास्करचा सिमोसुकस मात्र दुर्लक्षित राहतो, कारण त्याची लांबी मीटरभरही नव्हती आणि तो बहुधा वनस्पती खात असे. बोथट, रुंद तोंड, पानासारखे दात, अगदी तोकडी शेपटी, आणि पाठीवरच नव्हे तर पोटावर व पायांवरही कवचे. त्याचा सांगाडा जवळजवळ पूर्ण मिळाला असून २०१० मध्ये त्याचे हाडन् हाड तपासणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिलेच गंभीर पुनर्रचनाचित्र करणाऱ्याने हाच प्राणी घ्यावा, आणि प्रकाशक महाकाय प्राण्यावर अडून बसला तर सलग कवचांचा, साडेनऊ मीटरांचा सार्कोसुकस काढून द्यावा.