सुट्टीतलं स्कीइंग: घरात दोन प्रकारचे पास, एका हंगामानंतरचा अनुभव

या हंगामात आमच्या घरात एकाच कंपनीचे दोन प्रकारचे स्की पास होते. नवऱ्याकडे आणि मुलांकडे कुठल्याही दिवशी चालणारा पूर्ण पास, माझ्याकडे साधारण अडीचशे डॉलरने स्वस्त असा ब्लॅकआउटवाला. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरचे शुक्रवार-शनिवार, २६ ते ३१ डिसेंबर, आणि जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग डे व फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेला जोडून येणारे शनिवार-रविवार मला लिफ्टचं (डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांचं) गेट उघडणार नाही. नाताळात सासूबाई पुण्याहून येणार होत्या, त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवंच होतं, म्हणून ही काटकसर माझ्या वाट्याला. डोंगर बंद होईपर्यंत दोन्ही पास भरपूर वापरून झाले. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटी भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांत दर वसंतात हाच प्रश्न निघतो (पास तेव्हाच सगळ्यात स्वस्त असतात, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्रीच बंद होते), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. पुढच्या हंगामासाठी चौघांचेही ब्लॅकआउटवाले घेतले आहेत. नवऱ्याने फारशी हुज्जतसुद्धा घातली नाही.

लोक गर्दीला घाबरतात, पण आमच्या पूर्वेकडे नाताळच्या आठवड्यातलं खरं दुखणं म्हणजे कमी उघडलेले उतार. डोंगर तोच, माणसं नेहमीपेक्षा जास्त, आणि त्या सगळ्यांना उतरायला एकूण ट्रेलपैकी (उतरायच्या आखलेल्या वाटांपैकी) जेमतेम चौथा नाहीतर तिसरा हिस्सा. व्हरमाँट आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांत डिसेंबरअखेर नैसर्गिक बर्फाचा भरवसा नसतो, त्यामुळे त्या आठवड्यात आपण जवळपास पूर्णपणे मशीनने बनवलेल्या बर्फावर असतो. ही कल्पनाच मुळी या भागातली. १९४९-५० च्या कोरड्या हिवाळ्यात कनेक्टिकटमधल्या मोहॉक डोंगरावर ट्रकने बर्फाच्या लाद्या आणून, त्या फोडून उतारावर पसरल्या होत्या. पुढे १९५० मध्ये वेन पिअर्स आणि त्याच्या भागीदारांनी दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारणारी बर्फाची बंदूक तयार केली. तत्त्व आजही तेच आहे.

पण बंदूक चालायला थंडी लागते, आणि नुसतं थर्मामीटर बघून काही कळत नाही. हवेचं तापमान आणि दमटपणा दोन्ही मिळून जे वेट बल्ब तापमान येतं, ते साधारण उणे २ अंश सेल्सिअसच्या खाली जावं लागतं. हवा कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही काम भागतं, दमट असेल तर उणे एकलाही नुसतं पाणी उडतं. म्हणून मी नाताळचा बेत आखताना नाताळचं हवामान बघतच नाही. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत सलग थंड रात्री किती मिळाल्या ते बघते. डोंगरवाले आधी एकदोन ट्रेल वरपासून खालपर्यंत जाड थराने भरून घेतात, म्हणजे मध्ये पाऊस झाला तरी तेवढे टिकतील. बाकीचे नंतर. थंड रात्री कमी मिळाल्या की तेवढीच एकदोन पांढरी पट्टी, आणि तिच्यावर सगळे.

व्हरमाँटच्या किलिंग्टनला हंगामाच्या अगदी सुरुवातीला तर गोंडोलाने (बंद डब्यांच्या लिफ्टने) वर जायचं आणि स्की हातात घेऊन लोखंडी जिन्याने चालत वरच्या भागातल्या उतारांवर जायचं, कारण खालपर्यंत बर्फच नसतो. हौशी लोक तेही आनंदाने करतात. मी नाही.

कुठल्याही डोंगराच्या संकेतस्थळावर सकाळी ‘इतके ट्रेल उघडे’ असा आकडा येतो. तो आकडा फुगलेला असतो. न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत) एकाच उताराचे वरचा, मधला, खालचा असे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा ट्रेल म्हणून मोजायची जुनी सवय आहे. त्यात दोन लिफ्टना जोडणारे सपाट रस्तेही धरलेले असतात. वीस ट्रेल उघडे म्हणजे कधीकधी खाली यायच्या खऱ्या वाटा चारच. त्यापेक्षा नकाशा उघडून बघा की वरून खालपर्यंत एकमेकींना न मिळणाऱ्या वाटा किती आहेत आणि किती लिफ्ट चालू आहेत. एकच मोठी लिफ्ट चालू आणि तिचं टोक उघड्या शिखरावर असेल, तर वाऱ्याचा अंदाजही बघा. वारा वाढला की वरची लिफ्ट थांबवतात आणि सगळा डोंगर खालच्या दोन लिफ्टांवर येऊन आदळतो.

कधी बर्फ असतो, पण माणसं नसतात. युटामध्ये पार्क सिटीच्या स्की पेट्रोलने २७ डिसेंबर २०२४ ते ८ जानेवारी २०२५ असा ऐन हंगामात संप केला, तेव्हा बराच भाग उघडलाच नव्हता. बर्फ पडला म्हणजे उतार उघडला, असं नाही. कुणीतरी तो तपासून, दोऱ्या आणि खांब लावून, जखमींना उचलायला तयार राहून उघडावा लागतो. आमच्याकडेही एका डोंगरावर ऐन सुट्टीत दुसरी चेअरलिफ्ट उभीच होती, समोर बर्फ पसरलेला, आणि अ‍ॅपवर मात्र ती ‘चालू’. खाली काउंटरवर विचारलं तर ‘स्टाफ नाही’ एवढंच उत्तर. नवरा त्या दिवशी मुलांना घेऊन साडेदहालाच लॉजमध्ये (डोंगराखालच्या बसायच्या-खायच्या इमारतीत) परत आला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढे पैसे भरून रांगेतच उभं राहायचं, तर तू इथे माझ्याजवळ बसलीस तेच बरं.” माझ्या पासचं याहून नेमकं परीक्षण मला जमणार नाही.

आता ज्या गोष्टीचा पुढे सबंध हंगाम फायदा झाला ती. वेगवान लिफ्टने रांग कमी होते असं वाटतं. तसं होत नाही. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी सुटली तर तासाला २४०० माणसं वर जातात. वेगवान लिफ्टची खुर्ची स्टेशनात केबलपासून सुटून हळू होते, मग बाहेर पडून सेकंदाला ५ मीटर पळते. जुन्या लिफ्टची खुर्ची केबलला कायमची जखडलेली, ती सेकंदाला जेमतेम अडीच मीटर जाते. पण वेगवान लिफ्टवर खुर्च्यांमधलं अंतरही जास्त असतं, त्यामुळे ताशी माणसं जवळपास तेवढीच. दीड किलोमीटर लांबीची लिफ्ट धरा. वेगवान असेल तर प्रवास पाच मिनिटांचा आणि एका वेळी हवेत दोनशे माणसं. जुनी असेल तर दहा मिनिटं आणि चारशे माणसं. म्हणजे तेवढ्याच गर्दीतली आणखी दोनशे माणसं जुन्या लिफ्टवर बसून असतात, आणि वेगवान लिफ्टवर ती खाली रांगेत उभी तरी असतात किंवा उतारावर तुमच्या मागे तरी. शिवाय लोक संथ लिफ्टला नाकं मुरडतात, त्यामुळे तिथे रांग आणखी कमी. म्हणून सुट्टीच्या दिवशी आमचा पहिला नियम: मुख्य लॉजसमोरच्या चकचकीत लिफ्टवर सकाळी दोन फेऱ्या, मग नकाशाच्या कडेला असलेली सगळ्यात जुनी, कुरकुरणारी खुर्ची शोधायची. दहा मिनिटं बसायला मिळतात. मुलांच्या खिशातला लाडू तिथेच संपतो.

याचं टोक बघायचं असेल तर व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनला जा. आमच्या पासवर नाही, मार्चमध्ये तिकीट काढून गेलो होतो. तिथली मुख्य लिफ्ट १९४८ ची, खुर्चीवर एकच माणूस. २००७ मध्ये ती नव्याने उभारायची वेळ आली, तेव्हाही स्कीअरांच्याच सहकारी संस्थेने (१९९५ पासून डोंगर त्यांच्या मालकीचा आहे) हट्टाने एकाच माणसाची ठेवली. रांग लागते, भरपूर लागते. पण वर गेल्यावर उतार मोकळा, कारण तासाला वर जाणारी माणसंच मोजकी. स्नोबोर्ड तिथे चालत नाही, हे जाण्याआधी लक्षात ठेवा. आमच्या मोठ्या मुलाचा दिवसभर चेहरा पडलेला होता.

आता तारखा. ब्लॅकआउटचं कॅलेंडर नीट बघितलं तर कंपनीच तुम्हाला सांगत असते की गर्दी नक्की कधी होते. आणि त्याच्या कडा माझ्या पासवर खुल्या होत्या. २५ डिसेंबरची सकाळ: अर्धं अमेरिकन जग झाडाखालच्या भेटी उघडत असतं, दहापर्यंत लिफ्टवर थांबावं लागत नाही. आपल्या घरी नाताळचं झाड असलं तरी भेटी संध्याकाळी उघडता येतात. १ जानेवारीची सकाळ: आदल्या रात्री जागलेले लोक अकराला उगवतात. लाँग वीकेंडचा सोमवार: शनिवार-रविवार माझ्या पासवर बंद, सोमवार खुला, आणि बारानंतर परतीच्या गाड्या सुटायला लागल्या की दुपारचे दोन-तीन तास खरोखर छान जातात. फक्त परतीचा थ्रूवे (न्यूयॉर्कचा महामार्ग) रात्री साडेसहानंतरच पकडायचा. डोंगराखालच्या गावात जेवून निघालं तरी उलट लवकर पोहोचतो.

पूर्ण पासने नवऱ्याला २६ ते ३१ मध्ये काय मिळालं? पहाटे पावणेपाचला एडिसनहून निघून, पावणेआठला बूट चढवून, आठच्या पहिल्या खुर्चीवर (सुट्टीत आणि शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी आठला सुरू होतं, मधल्या वारी नऊला) बसलं तर साडेदहापर्यंतची स्कीइंग चांगली. रात्री ग्रूमरने (उतार सारखा करणाऱ्या यंत्राने) विंचरलेला बर्फ साडेदहाला खरवडून संपतो. खाली निळसर बर्फाची फरशी, कडेला भुशासारखा सुटा बर्फ. मग एक वाजेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. पासवर असाल तर अडीच तासांत निघून येताना जीव तुटत नाही, आणि माझ्या मते पूर्ण पासचा तेवढाच खरा फायदा. ज्याने दोनशे डॉलरच्या आसपासचं एका दिवसाचं तिकीट काढलंय, तो चार वाजेपर्यंत थांबतोच. दमलेला, चिडलेला, पाय लटपटणारा. दुपारी दोननंतर अपघात बघायला मिळतात ते असे.

मुलांबरोबर जाणाऱ्यांसाठी: स्कीअरांच्या संहितेत पुढच्या, म्हणजे खालच्या माणसाचा हक्क आधी आहे, मागून येणाऱ्याने चुकवायचं. पण ज्याने स्की आजच भाड्याने घेतलेत त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. कमी ट्रेल उघडे असताना सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन वाटा मिळतात तो तिठा. आम्ही तिथे कधीच थांबत नाही. त्याच्या खाली शंभर पावलांवर, कडेला, वरून दिसेल अशा जागी भेटायचं ठरलेलं असतं. धाकटीला गर्दीच्या दिवशी मी ग्रीनवर (सगळ्यात सोप्या उतारावर) नेत नाही, सोप्या ब्लूवर (मध्यम उतारावर) नेते. ऐकायला उलटं वाटेल, पण ग्रीनवर सगळे नवशिके आडवेतिडवे पडलेले असतात आणि घाईने खाली जाणारेही तिथूनच जातात.

सामान भाड्याने घ्यायचं तर हंगामाभरासाठी, घराजवळच्या दुकानातून, ऑक्टोबरमध्ये. डोंगरावरच्या रेंटलच्या रांगेत सकाळचा तासभर सहज जातो, आणि जातो तो नेमका चांगल्या बर्फाचा तास. जेवण पावणेअकराला किंवा दोनला, मधे नाही. लॉजमधली टेबलं सकाळी आठलाच बॅगा टाकून अडवलेली असतात, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तशी. सासूबाई असताना आमचं टेबल सुरक्षित होतं. त्या टेबलाशी एक उंच गृहस्थ खुर्ची मागायला आले, तर सासूबाईंनी खुर्ची दिली नाही, थेपला दिला. त्या गेल्यावर आम्ही गाडीतच खातो: थेपले, लोणचं, थर्मासमध्ये टोमॅटोचं सार.

फेब्रुवारीचा प्रेसिडेंट्स वीक वेगळा. तोवर बहुतेक सगळे उतार उघडलेले असतात, म्हणून नाताळपेक्षा गर्दी जास्त असली तरी पसरते. न्यूयॉर्क शहर आणि मॅसॅच्युसेट्सच्या शाळांना तो आख्खा आठवडा सुट्टी असते, न्यू जर्सीत अनेक ठिकाणी एक-दोनच दिवस. म्हणजे आपल्या मुलांना सुट्टी नसलेल्या आठवड्याच्या मध्यातही व्हरमाँटमध्ये बॉस्टनच्या गाड्या असतात. न्यू हॅम्पशरची सुट्टी साधारण त्याच्या पुढच्या आठवड्यात. मार्चचे पहिले दोन शनिवार मला हंगामातले सगळ्यात चांगले वाटले: उतार सगळे उघडे, दिवस मोठा, आणि निम्म्या लोकांच्या डोक्यात तोवर सॉकरची मैदानं सुरू झालेली.

ज्या सुट्टीत पाऊसच लागला तिथे ईस्ट रदरफर्डचं बिग स्नो. अमेरिकन ड्रीम मॉलमधलं, डिसेंबर २०१९ ला सुरू झालेलं, उत्तर अमेरिकेतलं पहिलं खऱ्या बर्फाचं इनडोअर ठिकाण. उतार छोटा, अर्ध्या मिनिटात संपतो, मोठ्यांना तासाभरात कंटाळा येईल. पण तिकीट वेळेनुसार आणि आतलं तापमान वर्षभर शून्याखाली, त्यामुळे धाकटीचं वळणं शिकणं नाताळच्या पावसात तिथे जितकं झालं तितकं डोंगरावर झालं नसतं. आमच्या पासवर नाही, पैसे वेगळे.

पूर्ण पास कुणी घ्यावा? ज्यांचं डोंगराजवळ घर किंवा आठवडाभराचं भाड्याचं घर आहे, ज्यांना सकाळी दोन तास जाऊन परत येता येतं, किंवा नाताळात पश्चिमेला उडून जायचंय, त्यांनी. आमच्यासारख्या अडीच-तीन तास गाडी चालवून जाणाऱ्यांनी ते फरकाचे पैसे वाचवावेत. आमचे त्यातले थोडे मार्चमधल्या एका मधल्या बुधवारसाठी बाजूला ठेवलेत. व्हरमाँटमधली खोली शनिवारच्या निम्म्या भाड्यात मिळतेय, आणि दोन्ही मुलांच्या शाळेत त्या दिवशी ‘पोट दुखतंय’ असं कळवायचं की सरळ खरं सांगायचं, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.