काऊज की साऊज?

व्यसनमुक्ती केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एका नर्सताईंनी विचारलं, ओपिऑइडचा (अफू, हेरॉइनसारख्या पदार्थांचा) विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा त्रास, कशाने मोजू? काऊज (COWS) आणि साऊज (SOWS) या त्यासाठीच्या दोन गुणपट्ट्या.

काऊजमध्ये ११ मुद्दे, कमाल गुण ४८. नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, जांभया आपण बघायच्या; नाडी मोजण्याआधी पेशंटला मिनिटभर बसवा, जिना चढून आलेल्याची ती वाढलेलीच असते! साऊजमध्ये १६ प्रश्न, कमाल ६४; पेशंट स्वतः भरतो. त्यामुळे मनातली अस्वस्थता कळते, पण गुण त्याच्या सांगण्यावरच. वेळ दोन्हींना थोडाच.

ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध) सुरू करायचं असेल तर काऊजच. पहिला डोस विथड्रॉवल पुरेसा सुरू होण्याआधीच घाईने दिला, तर औषधच विथड्रॉवल उसळवतं. घरी असलेल्या पेशंटचा रोजचा चढउतार हवा असेल, तर साऊज. वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवा.