राखाडी-लाल हॉल: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

राखाडी आणि लाल ही जोडी हॉलला शोभते का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम हो आहे. अट एकच: राखाडी भिंतींवर असावा आणि लाल हलवता, धुता, बदलता येईल अशा वस्तूंवर. दिवाळीच्या आधी आम्ही हॉल रंगवून घेतला. त्यानंतर थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि अर्धा पावसाळा या खोलीने काढला आहे, म्हणून आता खात्रीने लिहिते.

फ्लॅट पुण्यात, सिंहगड रोडला, आणि हॉल पश्चिमेचा. राखाडीची शेड निवडताना निम्मा निर्णय दिशेवरच होतो. पश्चिमेच्या खोलीत सकाळी थेट ऊन येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. निळी झाक असलेला राखाडी त्या उजेडात इतका थंड दिसतो की भिंतीला नुसता गिलावा करून ठेवल्यासारखी वाटते. चारनंतर तीच भिंत पिवळसर होते. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनातून यातलं काहीच कळत नाही. आम्ही चार शेडचे सर्वांत छोटे डबे आणले, जाड पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले आणि ते पुठ्ठे आठवडाभर जागा बदलून ठेवले: खिडकीशेजारी, टीव्हीमागे, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. शेवटी किंचित तपकिरी झाक असलेला फिका राखाडी घेतला. त्याला फरशी हेही कारण होतं. बिल्डरकडून येणाऱ्या बऱ्याच फ्लॅटांत असतात तशा आमच्याही टाइल्स आयव्हरी आहेत, आणि त्यांच्या शेजारी निळसर राखाडी आला की फरशी मळकट पिवळी दिसते.

काही कंपन्या शेडच्या माहितीत ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा देतात. भिंत किती उजेड परत फेकते, याचं हे मोजमाप: काळ्याला ०, पांढऱ्याला १००. आमची शेड ६० च्या आसपास आहे आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही. तिशीतला राखाडी फोटोत देखणा दिसतो, पण एकाच खिडकीच्या हॉलमध्ये दुपारीच बटण दाबायला लावेल.

पेंटरकाकांचं म्हणणं होतं, “ताई, सोफ्यामागची भिंत पूर्ण लाल करू, उठून दिसेल.” मी नको म्हटलं आणि त्याचं समाधान आजही आहे. एवढ्या मोठ्या लाल भिंतीवर संध्याकाळचं ऊन पडलं की छत, पडदे, बसलेल्या माणसांचे चेहरे, सगळ्यांवर लालसर छटा येते. त्याऐवजी टीव्हीशेजारचा पुस्तकांचा कोनाडा आतून डाळिंबी लाल केला. तिथे काकांनी केलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाल रंगाची झाकण्याची ताकद मुळात कमी असते, पांढऱ्या प्रायमरवर तीन-चार हात मारूनही खालचं पांढरं डोकावतं. त्यांनी आधी राखाडी बेस दिला आणि त्यावर लाल दोन हातांत बसला. कोपऱ्यांतसुद्धा कुठे पट्टे नाहीत. फिनिश सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेला घेतला, कारण गडद मॅट रंगावर पुस्तकं घासली की चकचकीत ओरखडे उमटतात आणि पुसून जात नाहीत.

बाकीचा लाल कापडात आहे. सोफा गडद राखाडी, दिवाणावर फिकी राखाडी चादर, आणि उशांना खणाचे अभ्रे. खण येतो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून, पण आपल्याकडच्या चोळ्यांमुळे तो किती पिढ्यांपासून घरचाच झाला आहे. त्याचा लाल सपाट नसतो, बारीक बुट्ट्या आणि काठामुळे उजेड तुटतो आणि राखाडीसमोर तो भडक वाटत नाही. पन्हा लहान असल्याने मोठ्या उशीला जोड द्यावा लागतो, मी काठच मधोमध घेऊन शिवले.

साध्या सुती लाल अभ्र्यांचा अनुभव मात्र वाईट. एका दुकानातून ‘रंग पक्का’ म्हणून घेतले आणि जून महिन्यात दमट हवेत, नुसत्या घामाने, दिवाणाच्या चादरीवर गुलाबी डाग पडले. डाग पूर्ण गेले नाहीत. आता लाल काहीही घेतलं की पांढरा रुमाल ओला करून शिवणीच्या आतल्या बाजूला जोरात घासते. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड राखाडीजवळ येत नाही.

ऊन हा दुसरा मुद्दा. खिडकीकडच्या उशांचा लाल मेअखेरपर्यंत विटकरीकडे झुकला, आतल्या बाजूच्या तशाच राहिल्या. पडदे मी मुद्दाम राखाडीच ठेवले होते, म्हणून तिथे फरक कळत नाही. आता महिन्याला उशांच्या जागा बदलते.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण हा खर्च लोक शेवटी उरलेल्या पैशांत करतात. आधीचे ६५०० केल्विनचे (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर) पांढरे एलईडी चालू होते तोवर भिंत निळी आणि खण निस्तेज दिसायचा. आता मुख्य दिवे ४००० चे आणि कोनाड्यात ३००० ची पट्टी आहे. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा बघावा, ९० च्या पुढचा मिळाला तर उत्तम. त्यातही एक मेख आहे: सीआरआयची नेहमीची सरासरी पहिल्या ८ नमुना-रंगांवर काढतात आणि गर्द लाल, म्हणजे ‘आर९’, त्यात धरलेलाच नसतो. ८० सीआरआयच्या स्वस्त दिव्याखाली लाल तपकिरी दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. खोलीत फार मंद उजेड ठेवून टीव्ही बघताना तर चांगला लालही काळपट पडतो. तो दोष दिव्याचा नाही, कमी उजेडात आपल्या डोळ्यांनाच लाल कमी दिसतो. म्हणून कोनाड्यातली पट्टी आम्ही टीव्ही बघताना चालू ठेवतो.

सासूबाईंना सुरुवातीला राखाडी उदास वाटत होता. मला या राखाडी-लाल जोडीत आपलं ओळखीचं काहीतरी दिसत होतं: खाली काळा पाषाण आणि वर विटा असलेला शनिवारवाडा, कोकणातल्या घरांची लाल कौलं. पाडव्याला झेंडूचं तोरण आणि लाल-हिरव्या साड्यांत सगळ्या जणी सोफ्यावर बसल्या, तेव्हा मागची भिंत किती शांत राहते हे त्यांनाही पटलं. क्रीम भिंतीपुढे झेंडू एवढा कधीच उठला नव्हता. यंदा गणपतीला मखर न करता मागे हीच भिंत ठेवायचं त्यांनीच सुचवलं आहे.

देखभालीत गडद राखाडी सोफा त्रास देतो. या रस्त्याची धूळ फिकी आहे, दोन दिवसांत सोफ्याच्या हातांवर दिसते. भिंतीवर स्विचबोर्डाजवळचे हाताचे डाग मात्र ओल्या फडक्याने निघतात. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यावर शेडचा कोड लिहून ठेवला आहे.

पावसाने एक काम काढलं आहे. नैऋत्येकडून झड येते ती नेमकी पश्चिमेच्या भिंतीवर, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल आली. पांढऱ्या भिंतीवर कदाचित चटकन दिसली नसती, राखाडीवर आधी गडद ठिपका आणि मग क्षाराची पांढरी पूड स्पष्ट दिसते. त्यामुळे लवकर कळलं, एवढं बरं. आतून रंग मारून ती झाकायची नाही, असं काकांनी बजावलं आहे. पाऊस उघडला, भिंत पूर्ण वाळली की आधी बाहेरून चिरा भरून घेणार, आणि मगच डब्यातला राखाडी उघडणार.