अलिबाग की मुरूड? हाताशी एकच दिवस असेल तर

डिसेंबरात मुंबईत एकच दिवस मोकळा आहे आणि पोट्ट्यांना पाण्यातला किल्ला दाखवायचा आहे, अशा वेळी गोष्ट अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आणि मुरूडच्या जंजिऱ्यावरच येऊन थांबते. मी दोन्ही ऐन सीझनमध्ये केलेत.

किल्ला म्हणून जंजिऱ्याला तोड नाही, हे आधीच मान्य. होडी तटाला भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत कलालबांगडी तोफ, भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत सेतू घालायला घेतला, तरी सिद्दी हटला नाही. कुलाबा त्यापुढे लहानखुराच.

पण जंजिऱ्याची होडी सुटते त्या राजापुरीची रांग, बाप्पा! आधी तिकिटाची, मग होडीची, दोन्ही उन्हात. आत पोचलो तर होडीवाल्याने बजावलं, पाऊण तासात खाली या. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या निम्म्या चढलो नाही तोच हाका सुरू. त्याचंही चुकत नाही म्हणा, धक्क्यावर माणसं ताटकळत असतात. तरी नागपुराहून रात्रभर गाडीत बसून यायचं आणि तोफ घड्याळाकडे बघत पाहायची, हे मला काही पचलं नाही.

कुलाब्यातून हाकलते ती फक्त भरती. तिचा हिशोब तिथीवरून निघतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, म्हणजे दोन-अडीचला ओहोटी. अष्टमीच्या आसपास मात्र पाणी पुरतं उतरत नाही, तेव्हा होडी धरावी लागते. एरवी ओल्या वाळूतून चालत जा, फक्त चपला काढू नका. खडकांना चिकटलेली कालवं तळवे कापतात. आत आंग्र्यांचं गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, आणि तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आहे, ते आमच्या पोट्ट्यांनी बोट फिरवत अक्षर अक्षर वाचलं. कोणी घाई केली नाही.

शिवाय दुरांतोने सकाळी सीएसएमटीला उतरून गेटवेची लाँच पकडली की तासाभरात मांडवा, पुढे बस; रात्री परतीची गाडीही मिळते. (अधिवेशनाच्या दिवसांत आरक्षण आधीच पाहा.) मुरूड अलिबागच्याही पुढे पन्नासेक किलोमीटर, एका दिवसात नुसती धावाधाव होते.

जंजिराच पाहायचा असेल तर मुरूडला मुक्काम करा आणि सकाळी पहिल्या होडीला राजापुरी गाठा.