पहिला अडल्ट गेम करताय? सरळ गोष्ट, फाटे की सँडबॉक्स, आणि कच्ची कथा कुठे किती महागात पडते

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून अडल्ट गेम करायचं ठरलंय, इंजिन डाउनलोड झालंय, मॉडेलं गोळा झालीयेत, आणि आता अडलंय ते गेमचा साचा कुठला घ्यायचा यावर. बहुतेक जण हा प्रश्न आर्टच्या बाजूने सोडवतात, म्हणजे रेंडर (मॉडेलांवरून काँप्युटरने काढलेली चित्रं) किती जमतील, अ‍ॅनिमेशन किती, महिन्याला अपडेट निघेल का वगैरे. माझं म्हणणं असं की आधी आपलं लिखाण कितपत बरं आहे ते बघा आणि मग साचा निवडा, कारण कच्ची कथा सगळ्या साच्यांना सारखी नडत नाही. कुठे ती पहिल्या वीस मिनिटांत उघडी पडते, कुठे दोन वर्षं लपून राहते आणि मग सगळा प्रोजेक्ट घेऊन बुडते.

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. लिहायची सवय नसेल तर छोटी, सरळ, पूर्ण होणारी व्हिज्युअल नॉव्हेल करा, म्हणजे चित्रं बघत, संवाद क्लिक करत वाचायची गोष्ट. लिखाण येतंय आणि टेस्टिंगचा कंटाळा नाही तर फाटे घ्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे वळणारी गोष्ट. लिखाण अजिबातच येत नाही पण गेमप्ले डिझाइन जमतं, तर कोडं किंवा कार्डवाला गेम करा. सँडबॉक्स, म्हणजे खेळणारा मोकळा फिरून आपापलं शोधतो तो साचा, पहिला गेम म्हणून नकोच.

आता "अडल्ट गेम लोक कथेसाठी थोडीच खेळतात" हे कुणीतरी म्हणणारच. पहिल्या दहा मिनिटांपुरतं ते खरंय. पण नुसतं चित्रच बघायचं असेल तर ते क्लिक क्लिक न करता, फुकटात, भरपूर मिळतं की. गेम उघडणारा माणूस वाट बघायला तयार होऊन आलेला असतो, आणि कशाची वाट बघायची हे कथाच ठरवते. 'करप्शन ऑफ चॅम्पियन्स' बघा, फेनोक्सो या नावाने काम करणाऱ्या डेव्हलपरचा जुना गेम, जवळजवळ सगळा मजकूरच, तरी लोक त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहिले. उलट्या बाजूचं उदाहरण, म्हणजे रेंडर झकास आणि कथा शून्य, असं द्यायला गेलं तर नावच आठवत नाही, कारण ते गेम खेळून डिलीट करून झालेले असतात.

कच्ची कथा म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका नव्हेत हं. त्या असतातच, इंग्रजी मातृभाषा नसलेले कितीतरी डेव्हलपर इंग्रजीतच लिहितात आणि खेळणारे ते चालवून घेतात. खरा कच्चेपणा असा की समोरच्या पात्राला स्वतःचं काही हवंच नसतं. तिला नोकरी दिलीये, एक मैत्रीण दिलीये, एखादं जुनं दुःखही चिकटवलंय, पण हिरो खोलीत आला की ते सगळं थांबतं आणि ती फक्त त्याच्याकडे बघत उभी राहते. मग जवळीक ही दोघांत घडलेली गोष्ट राहत नाही, खेळणाऱ्याने गुण जमवले म्हणून मिळालेलं बक्षीस होते. आणि याचा दुसरा परिणाम जास्त वाईट, तो म्हणजे संमती. ती हो का म्हणतेय याचं कारणच लिहिलेलं नसलं की साधा प्रेमप्रसंगही जबरदस्तीसारखा वाचला जातो, लेखकाच्या मनात तसं काही नसलं तरी. २०१५ च्या नॅनोरेनोत, म्हणजे मार्चमध्ये होणाऱ्या व्हिज्युअल नॉव्हेलच्या जॅममध्ये (ठरलेल्या मुदतीत गेम करायचा उपक्रम) बनलेला 'क्यूट डीमन क्रॅशर्स' बघा, छोटासा फुकट गेम, पण संमती हाच विषय धरून लिहिलाय आणि खेळणाऱ्याला प्रसंग मध्येच थांबवता येतो. तो प्रवचन देत नाही, पात्रं एकमेकांशी बोलतात एवढंच, आणि तेवढ्याने प्रसंगाला वजन येतं.

सरळ व्हिज्युअल नॉव्हेल

चॉइस नाहीत किंवा नावाला आहेत, गोष्ट एकच. इथे कच्च्या कथेला लपायला जागाच नाही. रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेलच्या इंजिनमध्ये सेटिंगमधून न वाचलेला मजकूरही उडवायचा पर्याय चालू केला आणि कंट्रोल दाबून धरलं की तुमचे तीन महिन्यांचे संवाद भुर्रकन जातात. खेळणारा कुठल्या ओळीपासून कंट्रोल दाबतोय हे दोनचार टेस्टरना विचारून बघा, कथा तिथेच मेलीये असं समजा.

पण याच उघडेपणाचा फायदा मोठा आहे. दोष लवकर कळतो आणि दुरुस्ती स्वस्त पडते, अर्थात अट एक की आधी पूर्ण स्क्रिप्ट लिहायची आणि मगच रेंडरला बसायचं. मजकूर बदलायला एक संध्याकाळ लागते. तोच बदल रेंडर झाल्यावर सुचला तर पोझ, लाइट, कपडे सगळं परत. पाच सेकंदांचं अ‍ॅनिमेशन सेकंदाला २४ फ्रेमने काढलं तरी १२० चित्रं होतात, आणि साध्या ग्राफिक कार्डवर एका चित्राला कित्येक मिनिटं जाऊ शकतात, मग एवढी मेहनत केलेला प्रसंग कथेत बसत नाही म्हणून काढून टाकायचं धाडस कुणी करत नाही, उलट कथाच त्याच्याभोवती वाकवली जाते. अडल्ट गेममधल्या निम्म्याअधिक विचित्र वळणांचं मूळ इथेच असावं असा माझा संशय आहे.

फाट्यांची गोष्ट

इथे आकडेमोड मोठी वैरीण. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दहा हो-नाही गोष्टी जरी गेमने लक्षात ठेवायच्या म्हटल्या तरी १०२४ अवस्था होतात. सगळ्या वेगळ्या लिहायच्या नसतात हे मान्य, पण प्रत्येक संवाद त्यातल्या कुठल्याही अवस्थेत खोटा वाटायला नको. भांडण झालेली मैत्रीण पुढच्या दृश्यात गळ्यात पडते, ही तुम्ही कितीतरी गेममध्ये बघितलेली चूक याच जातीची.

बरं, कथा कच्ची असली की फाटे म्हणजे नुसते पॉइंट होतात. तीन पर्याय, एक बरोबर, दोन चूक, प्लस वन. खेळणारा वॉकथ्रू (कुठे काय निवडायचं याची तयार यादी) उघडून बसतो, किंवा माउसचं व्हील मागे फिरवून रोलबॅक करतो, म्हणजे मागच्या निवडीवर परत जातो, आणि निवडीला काही अर्थच उरत नाही. बरोबर-चूक असं न ठेवता दोन्ही बाजूंना काहीतरी मिळणार आणि काहीतरी जाणार असं लिहिलं तरच फाटे टिकतात. 'बीइंग अ डिक' मध्ये तुमच्या वागण्यावरून स्वभावाचा कल ठरतो आणि काही पर्याय त्यामुळे बंदच होतात, म्हणजे सगळं एका खेळीत मिळत नाही, आणि खेळणारे त्यावरून वाद घालतात हे चांगलंच लक्षण. 'लेडीकिलर इन अ बाइंड' तर अजून पुढे गेला, तिथे बोलताना पर्याय येतात आणि बोलणं पुढे सरकलं की जातातही, गप्प राहणं हेही उत्तर असतं. २०१७ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये उत्तम कथनाचा पुरस्कार त्याला मिळाला, अडल्ट गेम असून. तेवढं लिखाण आपल्याला झेपेल का, हे मात्र आरशात बघून विचारायचं.

सँडबॉक्स

सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. नकाशा, खोल्या, कोण कधी कुठे असेल त्याचं वेळापत्रक, वर पैसे कमवा, ताकद वाढवा. दिसायला सगळ्यात भरगच्च, आणि नवखे याच्याकडेच ओढले जातात कारण वाटतं की गोष्ट कमी लिहावी लागेल, खेळणारा आपापलं शोधेल.

होतं उलटंच. सरळ गोष्टीत एक संवाद एकदा वाचला जातो, इथे तोच "गुड मॉर्निंग" चाळीस वेळा वाचला जातो, म्हणजे प्रत्येक ओळ जास्त चांगली हवी. खेळणारा कुठल्या क्रमाने कुणाला भेटेल हे लेखकाच्या हातात नाही, म्हणून पात्रांना एकमेकांबद्दल काही माहीतच नसल्यासारखं लिहिलं जातं, एकाच घरात राहणाऱ्या चार बायका आणि चौघींना बाकी तिघींचा पत्ता नाही. कथेतला ताण गेला की उरतो तो ग्राइंड, म्हणजे तेच तेच काम परत परत करणं. आणि ग्राइंडचा धोका हा की तो डेव्हलपरलाच फसवतो, खेळणारे तासन् तास घालवतायत म्हणजे आवडतंय असं वाटतं, खरं तर ते पुढच्या दृश्याचं कुलूप उघडायला पलंगावर क्लिक करून दिवस ढकलत असतात. मग कुणीतरी चीट मेनू, म्हणजे मेहनत न करता पुढे जायची सोय, मागतो. आपल्याच गेममधला वेळ लोकांना उडवायचाय, ही तक्रार म्हणूनच वाचा.

शिवाय रोज झोप-उठ करत असताना मुख्य गोष्ट दोन वर्षं जागची हलली नाही तरी चटकन कळत नाही, कोड मात्र वाढत जातं, आणि शेवट कसा करायचा हे ठरलेलंच नसतं. अबॅन्डन्ड (अर्धवट सोडलेला) असा शिक्का बसायला एवढं पुरतं.

मग कोडंवाला गेम

इथे थोडक्यात, कारण मुद्दा सोपा आहे. 'ह्युनीपॉप' २०१५ चा, डेटिंग आणि टाइल जुळवणं. कथा अगदी पातळ, कुणाला फरक पडला नाही, कारण जुळवण्याचा खेळ स्वतःच्या पायावर उभा आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने उघड अडल्ट गेमना २०१८ मध्ये दार उघडलं, त्याआधीच हा तिथे झाकलेल्या चित्रांसह विकला जात होता आणि लोक घेत होते. पण तेवढा चांगला खेळ डिझाइन करणं हे लिखाणापेक्षा सोपं आहे असं समजू नका, आणि बेचव कोड्यावर पातळ कथा म्हणजे दोन्हीकडून मेलात.

महिन्याचा अपडेट आणि दुकानांचे नियम

साचा कुठलाही घेतला तरी महिना-महिना चाहत्यांकडून पैशांचा सपोर्ट घेऊन गेम काढायचा असेल तर कथेवर एक वेगळाच दाब येतो. प्रत्येक अपडेटमध्ये एक तरी गरम दृश्य पाहिजे, नाहीतर कमेंट येतात. म्हणून चौथ्या भागात यायला हवं ते दुसऱ्यातच येतं आणि नंतर त्या दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरत नाही. वर दोन अपडेटमध्ये तीन महिने गेले की खेळणाऱ्याला फक्त पात्रं आठवतात, कटकारस्थान नाही. सरळ छोट्या गेमला हा त्रास जवळपास नाही, पूर्ण करा आणि एकदाच विका. पैसे हळू येतील हे खरं, ती किंमत मोजायची तयारी हवी.

आणि धक्का देऊन कथेची कमतरता भरून काढायचा विचार असेल तर जुलै २०२५ आठवा. पेमेंट कंपन्यांच्या दबावाने स्टीमने नियम कडक केला आणि काही गेम काढले, इच डॉट आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने अडल्ट पानं सर्च आणि यादीतून सरसकट गायब केली, फुकटवाली नंतर हळूहळू परत आली. आधी नजर जाते ती टोकाच्या विषयांवर. नियम आला की काही डेव्हलपर नाती बदलतात, कालची जवळची नातेवाईक आज घरमालकीण होते, पण संवाद जुनेच राहतात, आणि घरमालकीण भाडेकरूला लहानपणीच्या आठवणी सांगत बसते. ज्या गेममध्ये पात्रांना स्वतःचं आयुष्य आहे त्याची सौम्य आवृत्ती निघू शकते, ज्याच्यात फक्त धक्काच होता त्याची निघून काय उरणार?

ज्यांचा सँडबॉक्स आधीच अर्धा झालाय त्यांनी हे वाचून फाइल डिलीट करू नका. सगळ्यात जास्त जिवंत झालेलं एकच पात्र निवडा, तिच्या रूटमधले, म्हणजे तिच्या वाट्याच्या गोष्टीतले, प्रसंग क्रमाने एका कागदावर मांडा, दिवस-रात्रीचं चक्र आणि पैसे कमवायचा भाग काढून टाका, आणि फक्त तेवढंच चारपाच तासांची सरळ गोष्ट म्हणून शेवटासकट सोडा. रेंडर बहुतेक तेच चालतील. बाकी तिघींना या भागात निदान एकमेकींची नावं तरी माहीत असू द्या.